घरच्या माणसांचा डबा

कॅरॅमल करणं अगदी सोपं आहे, असं मोबाइलवरची ती बाई हसत हसत सांगत होती, आणि तिचं काही खोटं नव्हतं. साखर, लोणी, घट्ट साय आणि चिमूटभर मीठ. तासाभरात गोळ्या तयार. तिला मी आजही दोष देणार नाही. जे काय वाईट झालं ते माझ्या हातून झालं, आणि तेही गॅसपाशी नाही, डबे भरताना झालं.

मी भिवंडीत नारपोलीला राहते आणि एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. दिवाळीचा फराळ मी दरवर्षी करते आणि दरवर्षी तो डब्यात भरून बिल्डिंगभर फिरतो. माझ्या चकल्या त्यांच्याकडे, त्यांच्या चकल्या माझ्याकडे. शेवटी कुणाचं काय ते कुणालाच कळत नाही. गेल्या दिवाळीला माझ्या डोक्यात आलं की यंदा आपण असं काहीतरी करायचं जे कुणाकडेच नसेल. चार जणींनी रेसिपी विचारली पाहिजे. उगाच साळसूदपणा कशाला करू, मला मिरवायचं होतं.

धनत्रयोदशीला सुट्टी होती. खालच्या गल्लीतले कापडाचे लूम सकाळीच बंद पडले होते, कामगार गावाला निघाले होते. वर्षभर कानात खटाखट भरलेली असते ती थांबली की आमच्या घरात एकदम कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. त्या शांततेत मी कढई चढवली. पहिला घाणा मी जीव मुठीत धरूनच केला. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला आणि बाई जसं सांगेल तसंच करत गेले. साखर विरघळून तांब्याच्या रंगाची झाली. साय ओतल्यावर कढईने असा फणकारा केला की मी दोन पावलं मागे सरले. नवरा बाहेरून ओरडला, "काय उडवलंस गं?" मग ढवळत राहिले. थेंब गार पाण्यात टाकून पाहिला, त्याची लोण्यासारखी मऊ गोळी वळली, लगेच गॅस बंद केला. ताटात बटर पेपर घालून ओतलं, वर मिठाचे चार कण भुरभुरवले. कोमट असतानाच सुरीने कापलं. एक तुकडा तोंडात टाकला आणि खरं सांगते, डोळेच मिटले. दात लावायची गरज नव्हती, जिभेवर विरघळला.

इथेच माझं डोकं फिरलं. एक घाणा जमला की मराठी बाईला वाटतं, आता मोबाइल कशाला पाहिजे, मला काय पाक येत नाही? माझ्या आईने मला पाक शिकवलाय. तिळाच्या लाडवाला गुळाचा पाक करताना ती थेंब पाण्यात टाकायची, त्याची गोळी वळायची आणि ताटात आपटायची. टण् असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर पाक कच्चा, लाडू मऊ पडणार, लोक हसणार. हा टण् माझ्या कानात लहानपणापासून बसलेला आहे. आईला जाऊन सहा वर्षं झाली, तरी पाक करताना मी तिच्याच कानांनी ऐकते. दुसऱ्या घाण्याची गोळी ताटात टाकली तर ती पचकन बसली. मी म्हटलं, छे, कच्चं आहे. अजून आटवलं. परत टाकली. अजून आटवलं. शेवटी ती टण् करून वाजली आणि माझा जीव भांड्यात पडला.

थंड झाल्यावर ताट उपडं केलं तर फरशीच निघाली. सुरी चालेना. मी खलबत्त्याच्या दांड्याने ठोकून तुकडे केले. एक चावून पाहिला तर दाढेला झिणझिण्या आल्या. चव तीच, अगदी छान, पण दगड. मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. पण लोणी, साय, साखर, सगळं चांगलं घातलेलं, टाकून कसं द्यायचं? आमच्या घरी अन्न टाकत नाहीत.

मग मी ओट्यावर दोन ढीग केले आणि बटर पेपरात गोळ्या गुंडाळायला बसले. मऊ गोळ्यांचे कागद दोन्ही टोकांना छान पिळले. त्या गोळ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंना, नवऱ्याच्या ऑफिसातल्या साहेबांना, ठाण्याच्या नणंदेला आणि मजल्यावरच्या तिघींना. प्रत्येक डब्याला मी सोनेरी फीतसुद्धा बांधली. उरलेल्या मऊ गोळ्या एका छोट्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या, आम्हाला जेवण झाल्यावर तोंडात टाकायला. आणि कडक तुकडे? ते मी एका जुन्या स्टीलच्या डब्यात भरले आणि डब्यावर चिठ्ठी लावली, 'दिघाशी'.

दिघाशी म्हणजे माझं माहेर. भिवंडीपासून काही फार लांब नाही. तिथे माझे वडील, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं. मी हे डबे भरताना मनात काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. म्हटलं, घरचेच आहेत, चालतील. परक्याला वाईट द्यायचं नाही, आपल्या माणसाचं काय, तो समजून घेतो. मला यात काही चुकीचं वाटलंच नाही, कारण आमच्या घरात हेच चालत आलेलं. भात झोडपला, गिरणीतून तांदूळ आला की अख्खा तांदूळ वेगळा काढायचा, पाहुण्यांना आणि नात्यात द्यायला. घरात कणी शिजायची. आम्ही भावंडं कणीच्या पेजेवर वाढलो. परक्याला अख्खं आणि घरच्याला तुटकं, हे मी शिकून नाही, खाऊनच मोठी झाले.

आता बाबांच्या कवळीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या गावात कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर काकडा असतो. पहाटे विठ्ठलाच्या देवळात माणसं जमतात, टाळ वाजतात, देवाला उठवतात. शेवटच्या दिवशी, पौर्णिमेला, सांगता होते आणि त्या दिवशीची पहिली भूपाळी एकाच माणसाने म्हणायची असते. ती आमच्या बाबांची. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांची होती. बाबांनी आयुष्यात काही मोठं केलं नाही. जमीन होती, तिच्यातली निम्मी गोडाऊन बांधणाऱ्यांना गेली, उरलेली भाऊ बघतो. पण ती भूपाळी त्यांची होती. वर्षातली ती दहा मिनिटं अख्खं गाव त्यांच्याकडे बघायचं.

मग दात गेले. सगळेच. पहिल्या वर्षी त्यांनी बिनदातांची म्हटली, तर सूर होता पण शब्द निसटून जायला लागले. मागे बसलेली पोरं हसली. बाबा मध्येच थांबले आणि त्यांनी टाळ खाली ठेवले. दुसऱ्या वर्षी ते गेलेच नाहीत, पलीकडच्या आळीतल्या एकाने म्हटली. आमच्याकडच्या मंडळाचा रिवाज असा की सलग तीन वर्षं ज्याला जमलं नाही त्याचा मान पुढच्याकडे जातो, कायमचा. कुणी तोंडावर बोललं नाही, पण बाबांना माहीत होतं. यंदाचं तिसरं वर्ष होतं.

म्हणून गणपतीनंतर मीच त्यांना नारपोलीच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि कवळी करून घेतली. सुरुवातीला ते वैतागले. "तोंडात बैलाचा खूर भरल्यासारका वाटतो," म्हणायचे. पण रोज संध्याकाळी गोठ्यामागे जाऊन घोकत राहिले. दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला. त्यांना फोनवर बोलायचा कंटाळा, म्हणून मी घाबरले. तर ते म्हणाले, "बाय, ऐक," आणि भूपाळीची पहिली ओळ म्हटली. एकेक अक्षर टाकीने घडवल्यासारखं स्वच्छ आलं. मी ऑफिसातच होते. फाइलमध्ये तोंड घालून रडले.

भाऊबिजेला आम्ही दिघाशीला गेलो. ओवाळणं झालं. भाऊ माझ्या नवऱ्याला घेऊन शेतावरचा नवा बोअर दाखवायला गेला, मुलं फटाक्यांत, भावजय आत वडे तळत होती. ओटीवर मी आणि बाबा. मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बाबा, यंदा मी काय केलंय बघा. कॅरॅमल."

"काय ते?"

"गोळ्या हो. दुधाच्या."

त्यांनी एक उचलली, कागद उघडला, उजेडात धरून बघितली. "कडक हाय काय?" त्यांनी विचारलं.

बघा, त्यांनी विचारलं होतं. म्हणजे माझ्याकडे एक दार उघडं होतं. मी म्हणू शकले असते, हो बाबा, जरा कडक झाल्यात, चघळा, चावू नका. एवढंच. सात-आठ शब्द. पण मला कौतुक पाहिजे होतं. सगळीकडून फोन आले होते, काय सुंदर, काय सुंदर, आणि बाबांकडूनही तेच ऐकायचं होतं. मी म्हटलं, "मऊ आहेत. खा बिनधास्त."

त्यांनी गोळी दाढेखाली घेतली. कट् असा आवाज आला. मोठा नव्हता. पण लूमच्या गोंगाटात वर्षं काढलेल्या बाईला गप्प ओटीवर टाचणी पडली तरी ऐकू येते. मी तो ऐकला. बाबा थांबले. त्यांचा हात तोंडाकडे गेला नाही, आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा पंचा ओढून तोंडावर धरला आणि भिंतीकडे वळले.

"काय झालं?" मी विचारलं.

पंच्याआडून ते म्हणाले, "काय न्हाय. बेस हाय."

आणि मी काय केलं? मला काय झालंय ते कळलं होतं, आणि तरी मी डबा पुढे करून म्हटलं, "अजून एक घ्या ना."

हे वाक्य मी माझ्या तोंडून परत मागे घेऊ शकत नाही. सकाळी दात घासताना ते आठवतं.

बाबांनी मान हलवली. मग पंचा तसाच तोंडावर धरून म्हणाले, "डबा माज्या कपाटात ठेव. पोरांना नको देऊस, दात किडतील." मला हायसं वाटलं. हो, खरंच हायसं वाटलं, की बरं झालं, भावजयीने चावून बघितली नाही. मी पटकन डबा कपाटात ठेवला. जेवायला बाबा आले नाहीत. पोट भरलंय म्हणाले. भावजयीने वाटीभर भात कालवून नेऊन दिला. मी काळोख पडायच्या आत नवऱ्याला घाई करून निघाले. गाडीत त्याने विचारलं, "गप्प का गं?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय."

घरी आल्यावर मी स्वतःची समजूत घालत बसले. कदाचित गोळीच फुटली असेल. कदाचित सुपारी राहिली असेल तोंडात. तुटली असती तर बोलले नसते का? त्याच रात्री नणंदेचा ठाण्याहून फोन. "वहिनी, अगं किती मऊ झाल्यात! तोंडात टाकली की संपली. कशा केल्यास?" मी रेसिपी सांगितली. सांगता सांगता मला माझाच राग आला. शाळा उघडायला अजून अवकाश होता, नाहीतर मुख्याध्यापिका बाईंनीही तेच म्हटलं असतं. जेवण झाल्यावर नवरा फ्रिज उघडून एक गोळी तोंडात टाकायचा आणि एक माझ्या हातावर ठेवायचा. मी खायची. हेही लिहून टाकते. खायची.

चौथ्या दिवशी भावजयीचा फोन आला. "ताई, बाबांची कवळी मोरीत पडून तुटली म्हणं. आज कळलं आम्हाला. चार दिवस पेजच पितात, आम्ही म्हटलं पोट बिघडलंय. अन् तुम्हाला सांगते, कुणाला न विचारता त्यांनीच चपला चिकटवायच्या सोल्युशननी जोडली. आता बसतच न्हाय तोंडात. काय करायचं?"

मी म्हटलं, "अरेरे." अरेरे म्हणाले मी, जशी काही बातमी पहिल्यांदाच कानावर पडत होती. मग म्हटलं, "आणा त्यांना, मी नेते डॉक्टरकडे."

डॉक्टरने कवळी हातात घेऊन उलटसुलट केली. वरची, बरोबर मधून गेलेली, वर पिवळट सोल्युशनचा थर. "आजोबा, हे काय केलंत?" बाबा शाळेतल्या मुलासारखे खाली बघत बसले. "मोरीत पडली," म्हणाले. डॉक्टर माझ्याकडे वळला. "तुम्ही इथेच राहता ना, नारपोलीत? मग तुटल्या तुटल्या का नाही आणली? तासाभराचं काम होतं. माझा कवळ्या करणारा माणूस भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इथे होता, मग छठपूजेला गावी गेला. आणि तो असता तरी आता उपयोग नाही, या सोल्युशनने कडा खाल्ल्यात. पुन्हा माप घ्यायला लागेल, नवीन करायला लागेल."

"पौर्णिमेच्या आत होईल का?" मी विचारलं.

"कुठल्या पौर्णिमेच्या? ही येणारी? छे हो. तीन आठवडे धरा."

बाबांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि उठले. जिना उतरताना मी त्यांचा दंड धरला होता. माझ्या मनात एकच हिशेब चालू होता. भाऊबिजेची संध्याकाळ. त्या संध्याकाळी मी बोलले असते, कवळी रुमालात बांधून घरी आणली असती, दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात दिली असती. दहा मिनिटांवर दवाखाना. दुपारपर्यंत जोडून मिळाली असती. मी बोलले नाही म्हणून ते बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणून ते सोल्युशन लागलं. गोळी कडक झाली ही चूक होती, मान्य, होते चूक. पण त्यानंतरचे चार दिवस चूक नव्हती. ते मी जाणूनबुजून मूग गिळून बसले होते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी दिघाशीला मुक्कामाला गेले. पहाटे बाबांबरोबर देवळात गेले. बाबांनी धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, सगळं केलेलं. मला वेडी आशा वाटत होती की ते तशीच म्हणतील, बिनदातांची का होईना. मंडळातले म्हातारे त्यांच्याकडे वळले. "दादा, सुरू करता ना?"

बाबांनी मान हलवली. गळ्यातले टाळ काढले आणि पलीकडच्या आळीतल्या त्या माणसाच्या हातात दिले. तो गोडाऊनवर टेम्पो चालवतो, पन्नाशीचा असेल. तो गडबडला. "दादा, तुमीच..." तर बाबांनी त्याच्या हातांवर आपले दोन्ही हात ठेवून ते मिटवले. म्हणजे कायमचं दिलं. देवळातल्या सगळ्यांना ते कळलं.

तो चांगला गायला. वाईट गायला असता तर मला बरं वाटलं असतं, इतकी मी खालच्या थराला गेले होते. बाबा खांबाला टेकून मांडीवर ठेका धरत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, आवाज न करता, सगळी भूपाळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही शब्द विसरले नव्हते.

परत येताना रस्त्यात आम्ही दोघंच होतो. उजाडत होतं. मला राहवलं नाही. "बाबा, मोरीत नाही पडली ना?"

ते चालत राहिले.

"माझ्या गोळीने तुटली. मी आवाज ऐकला होता."

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुजं तोंड बघितलं मी तवा."

"मग बोलला का नाहीत?"

"सुनेसमोर काय बोलू? लेक एवढ्या हौसेनं करून आणते, अन् बाप म्हणतो तुज्या गोळीनं दात मोडला? ती काय आयुष्यभर इसरली असती? दर दिवाळीला काडली असती." मग घरी आल्यावर त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं आणि कपाट उघडलं. स्टीलचा डबा तिथेच, माझी 'दिघाशी'ची चिठ्ठी तशीच. झाकण काढलं. एक सोडून सगळ्या गोळ्या होत्या. "कुणाला दिल्या न्हाय. घेऊन जा गपचूप."

मला वाटलं जमिनीने फाटून आत घ्यावं. मी खाटेवर बसले आणि मग सगळंच सांगायचं ठरवलं. अर्धं सांगून काय उपयोग होता? म्हटलं, "बाबा, त्या सगळ्याच कडक नव्हत्या. पहिला घाणा मऊ झाला होता. अगदी लोण्यासारखा. तो मी लोकांना वाटला. शाळेत, साहेबांना, नणंदेला. कडक निघाल्या त्या तुमच्यासाठी भरल्या. जाणूनबुजून."

मी त्यांच्या रागाची वाट बघत होते. मला राग पाहिजे होता. एक थोबाडीत दिली असती तर मी उलट त्यांच्या पाया पडले असते.

बाबा म्हणाले, "मंग बराबर केलंस. परक्याला अख्खं द्यायचं, घरात कणी ठेवायची. तुज्या आयेनं तेच केलं. घरच्या माणसाचं काय, तो भागवतो." आणि हसले. दात नसलेलं हसू. त्यांना खरंच पटलं होतं. त्यांना त्यात बरंसुद्धा वाटलं, की लेक अजून आपल्याला घरचं माणूस धरते.

पण आई अख्खा तांदूळ लोकांना द्यायची आणि कणी स्वतः खायची. आई-बाबा दोघंही. आमच्या पानात कणी यायची तेव्हा त्यांच्याही पानात कणीच असायची, आणि आमच्यापेक्षा कमी. मी कणी त्यांना पाठवली होती. आणि माझ्या फ्रिजमध्ये छोट्या डब्यात अख्खा तांदूळ ठेवला होता. हे मात्र मी सांगितलं नाही. एवढं सगळं सांगून झाल्यावरही एवढं राहिलंच.

घरी येऊन फ्रिज उघडला. तळाशी सात गोळ्या उरल्या होत्या, सोनेरी फितीचा एक तुकडाही होता. नवरा म्हणाला, "आण की एक." मी म्हटलं, "संपल्या." दुसऱ्या दिवशी शाळेतून लवकर निघाले, रिक्षाने थेट दिघाशी गाठली. बाबा ओटीवरच होते. मी डबा उघडून पुढे धरला. या खेपेला मी काही बोलले नाही, मऊ आहेत असंही नाही.

त्यांनी एक तोंडात ठेवली. हिरड्यांनी दाबली. मग माझ्याकडे बघत राहिले, गाल हलत होते, डोळे बारीक झाले होते.

"अरे वा," म्हणाले. "ही तर इरघळली. बघ, दुसऱ्या खेपेला जमलं का न्हाय? कवा केल्यास?"

मी म्हटलं, "काल."

"इथनं जाऊन?"

"हो."

बाबांनी डबा माझ्या हातातून घेतला आणि आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "अगं सूनबाय, ये भायेर, पोरांना पण आण. बायनं माज्यासाठी मुद्दाम केल्यात, खाऊन तरी बघा."